बागेत हात बाईचा, सातबाऱ्यावर नाव कुणाचं?

(औंध येथे महिला मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आज मला विषय दिला आहे, 'वाइन : शेतमाल की दारू?' बोलावणाऱ्या बायांचं म्हणणं असं, की हिची द्राक्षबाग आहे आणि ही दारूबंदीच्या मोर्चातही पुढे असते, तेव्हा हिनेच बोलावं. प्रश्नाला मी बगल देणार नाही. पण शेतमाल म्हटलं की शेतकरी आला, आणि शेतकरी म्हटलं की तो कोण, हे आधी ठरवावं लागतं. माझं आजचं बोलणं मुख्यतः त्याबद्दल आहे.

औंधमध्ये हे बोलायला मला बरं वाटतं. औंध संस्थान लहान, बहात्तर गावांचं, आणि तेही एका ठिकाणी नाही. एक तुकडा इथे, एक आटपाडीला, एक कुंडलला, एक पार विजापूरकडे. १९३९ साली भवानराव पंतप्रतिनिधींनी गांधीजींच्या सल्ल्याने राज्यघटना केली आणि कारभार गावपंचायतींच्या हाती सोपवला. इंग्रजांचं राज्य असताना ही गोष्ट झाली. याच संस्थानात, कुंडलच्या माळावर, १९१० साली किर्लोस्करवाडी वसली. तिथे लोखंडी नांगर तयार झाले, आणि तिथूनच १९३० साली 'स्त्री' मासिक निघालं. आपल्या आज्यांपैकी ज्या वाचायला शिकल्या त्यांच्यापैकी कितीतरी जणींच्या हाती ते पडलं. पुढे त्याच कुंडलच्या शेजारी, पलूसला, सरकारने वाइन पार्कसाठी जागा दिली. नांगर, मासिक आणि वाइन, सगळं एका हाकेच्या अंतरावर. म्हणून म्हणते, हा प्रश्न नाशिकचा नाही, आपल्या दारातला आहे.

मी घाटमाथ्यावरची. आमची बाग तीस गुंठे, डोंगराच्या उतारावर. मुरमाड जमीन, ताली घालून बांधलेली. सपाटीच्या बागेत ट्रॅक्टर ओळीतून फिरतो, मागे ब्लोअर लावला की एकटा माणूस फवारणी उरकतो. आमच्या तालींवर ट्रॅक्टर चढत नाही. खत पाटीने वर न्यायचं, काडीकचरा डोक्यावरून खाली आणायचा, फवारणी पंपाला नळी लावून करायची. आता फवारणी करायला नळी धरणारा एक लागतो आणि मागे नळी ओढणारं दुसरं माणूस लागतं. ते दुसरं माणूस म्हणजे मी. कागदावर फवारणी एकाची, अंगावर औषध दोघांच्या.

द्राक्षाचं काम ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. वर्षातून दोनदा छाटणी. एप्रिलात खरड छाटणी, तिच्यावर पुढच्या वर्षाची काडी तयार होते. ऑक्टोबरच्या सुमाराला फळछाटणी, तिच्यावर घड येतो. फळछाटणी झाली की डोळे एकसारखे फुटावेत म्हणून काडीला पेस्ट लावतात. त्यात हायड्रोजन सायनामाइड असतं. हे औषध हातमोज्यांशिवाय हाताळायचं नाही. शिवाय त्याच्या आगेमागे काही दिवस दारू घ्यायची नाही. शरीरात गेलेली दारू पचवण्याचा मार्गच ते अडवतं, मग तोंड लाल होतं, छाती धडधडते, माणूस आडवा होतो. आमच्या भागात शहाणा बागाईतदार पिणाऱ्या गड्याच्या हाती पेस्ट देत नाही. मग ती कुणाच्या हाती येते? न पिणाऱ्याच्या. म्हणजे बहुतेक वेळा बाईच्या. दारूचा त्रास बाईच्या वाट्याला किती वाटांनी येतो, ते बघा.

फुटवे आले की 'वांझफूट' काढायची. ज्या फुटीला घड नाही ती वांझ, ती खुडून टाकायची. मी पंधरा-वीस बायांबरोबर ओळीत उभी राहून हे काम करते. त्यात एखादी मूल नसलेली असते. दिवसभर तिच्या कानावर तोच शब्द. आम्ही आता 'बिनघडाची फूट' म्हणतो. मुकादम हसतो, हसू दे. शिवाय तो शब्द खोटाही आहे. त्या फुटीलाही पानं असतात आणि पानं अन्न तयार करतात. फक्त दाटी होते म्हणून ती काढायची.

त्यानंतर बगलफूट काढणं, शेंडा मारणं, घडांची संख्या राखणं, मग विरळणी. विरळणी म्हणजे बारीक कात्री घेऊन घडातले जास्तीचे मणी काढायचे, म्हणजे उरलेले फुगतात. मान वर करून, हात वर धरून, सकाळपासून संध्याकाळपर्यंत. पुढे प्रत्येक घड जीएच्या पाण्यात बुडवायचा. एकरात हजारो घड, आणि एकही घड असा नाही की ज्याला बाईची बोटं लागली नाहीत. मणी किती ठेवायचे, कुठला काढायचा, हे कुठल्याही पुस्तकात बघून येत नाही. ते बोटांना कळतं. पण या कामाला कुणी कसब म्हणत नाही. 'बायकांचं काम' म्हणतात.

आता मजुरी बघा. छाटणी पुरुष करतात, ती उक्ती असते, एकराच्या हिशोबाने. ज्याचा हात चालतो त्याची कमाई वाढते. विरळणी, बुडवणं, फूट काढणं हे बायकांचं, आणि ते बहुतेक रोजाने. कितीही हात चालला तरी रोज तेवढाच. १९७६ साली समान वेतनाचा कायदा झाला, पण तो 'सारख्या कामाला सारखा पगार' म्हणत होता. म्हणून कामंच वेगळी ठेवली की कायदा बांधावर उभा राहतो. काही गावांत बायांनी टोळ्या करून विरळणीही उक्ती घ्यायला सुरुवात केली आहे. ज्यांना जमेल त्यांनी हे जरूर करावं.

आमच्या सांगली भागातली बरीच द्राक्षं बेदाण्याला जातात. 'सांगली बेदाणा' या नावाला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं. साधारण चार किलो द्राक्षांचा एक किलो बेदाणा होतो. घड डिपिंग ऑइल आणि पोटॅशियम कार्बोनेटच्या पाण्यात बुडवून शेडमधल्या जाळ्यांवर पसरायचे, पंधरा-वीस दिवस वाळवायचे, पिवळा रंग हवा असेल तर गंधकाची धुरी द्यायची, मग झाडायचे, काड्या काढायच्या, निवडायचे. धुरीच्या शेडमधून बाहेर आलेल्या बाईचे डोळे बघा, म्हणजे पिवळ्या बेदाण्याची किंमत कळेल. आणि माल तासगावला सौद्याला गेला की पट्टी कुणाच्या नावाने निघते? ज्याच्या नावाने पोती गेली त्याच्या. निवडणारीला हेही माहीत नसतं, की भाव काय मिळाला.

आता वाइनकडे येते. वाइन म्हणजे द्राक्षाच्या रसातली साखर किण्व खातं आणि तिचं अल्कोहोल होतं. हे किण्व द्राक्षाच्या सालीवर आणि हवेत असतंच. मोठे कारखाने ठरावीक किण्व विकत आणून घालतात, वर गंधक घालतात, गाळतात, म्हणजे दरवर्षी चव तीच राहते. पण जगात असेही छोटे शेतकरी आहेत, जे वेगळं विरजण लावत नाहीत. द्राक्षाबरोबर आलं असेल त्या किण्वावर रस आंबू देतात आणि गंधक घालायचंच झालं तर नावापुरतं. याला ते नैसर्गिक वाइन म्हणतात. जॉर्जिया देशात मातीचे मोठे रांजण जमिनीत पुरून त्यात वाइन करण्याची जुनी रीत आहे. २०१३ साली युनेस्कोने तिला मानवी वारसा म्हणून मान्यता दिली.

फ्रान्समध्ये २०२० साली अशा वाइनसाठी नियम ठरले. द्राक्षं सेंद्रिय हवीत, किण्व बाहेरचं नको, आणि तोडणी हातानेच झालेली हवी. हाताने. यंत्राने तोडली तर ते नाव लावता येत नाही. जर्मनीत मोझेल नदीच्या काठी असे डोंगर आहेत, की उभं राहताना पाय घसरतो. तिथेही यंत्र चढत नाही, माणसं दोर आणि शिड्या घेऊन बाग करतात, आणि तसल्या उतारावरच्या वाइनला मान असतो. म्हणजे तिथे 'हाताने केलं' आणि 'उतारावर केलं' हे बाटलीवर छापण्याजोगं आहे. आमच्याकडे उतार म्हणजे हलकी जमीन, आणि हाताचं काम म्हणजे स्वस्त काम. मुरूम तोच, घामही तोच, पण दर मात्र दोन जगांचे.

तिकडचं सगळं गोड आहे असं मी म्हणत नाही. एक गोष्ट ऐका. फ्रान्समध्ये शॅम्पेनचा एक नावाजलेला कारखाना आहे, व्हव क्लिको. 'व्हव' म्हणजे विधवा. बार्ब-निकोल क्लिको ही बाई. १८०५ साली तिचा नवरा गेला, तेव्हा ती सत्तावीस वर्षांची होती. तिने धंदा हाती घेतला आणि वाढवला. पण तिला तो करता आला याचं कारण काय? तिथल्या तेव्हाच्या कायद्याने लग्न झालेली बाई नवऱ्याच्या अधीन होती, तिला स्वतःच्या नावाने व्यवहार करता येत नव्हता. विधवेला येत होता. म्हणजे बाटलीवर बाईचं नाव चढलं ते नवरा मेल्यावर.

हसू नका, आपल्याकडे काय आहे? सातबाऱ्यावर बाईचं नाव येतं ते बहुधा वारसनोंदीने. मी स्वतः माझं नाव लावायचा अर्ज घेऊन गेले, तेव्हा टेबलामागच्या माणसाने विचारलं, "मालक आहेत ना अजून? मग घाई कशाची?" मी म्हटलं, "भाऊ, ते असतानाच पाहिजे. ते गेल्यावर तुम्ही आपणहून लावालच." चार खेपा घातल्या. नवरा बरोबर होता, म्हणून चारच.

आता मूळ प्रश्नाला उत्तर देते. वाइन दारू आहे का? आहे. तिच्यात साधारण बारा-चौदा टक्के अल्कोहोल असतं. २०२३ साली जागतिक आरोग्य संघटनेने स्पष्ट सांगितलं, की दारूची कुठलीही मात्रा निर्धोक नाही. मग ती देशी असो, द्राक्षाची असो, विरजण न लावलेली असो. २००८ च्या आदेशाने गावातल्या निम्म्याहून जास्त महिला मतदारांनी आडव्या बाटलीला मत दिलं तर दुकान बंद करता येतं. हा हक्क बायांनी रस्त्यावर उतरून मिळवला आहे. त्यातलं एक बोटही मी सोडायला सांगणार नाही.

पण २०२२ च्या जानेवारीत राज्य मंत्रिमंडळाने मोठ्या किराणा दुकानांत वाइन विकू देण्याचा निर्णय केला, तेव्हा कारण काय सांगितलं होतं? शेतकऱ्याचं भलं. आपण विरोध केला, हरकती मागवल्या गेल्या, तो निर्णय अंमलात आला नाही. बरं झालं. पण त्या वादात एक गोष्ट कुणीच विचारली नाही, तिकडच्यांनी नाही आणि इकडच्यांनीही नाही. भलं होणारा हा शेतकरी कोण?

एक तर वाइनला लागणारी द्राक्षं वेगळ्या जातीची. शिराझ, कॅबर्ने, शेनिन. मणी लहान, साल जाड, बिया असलेले. आमच्याकडे आहेत त्या थॉम्पसन, तास-ए-गणेश, सोनाका, माणिक चमन. त्या खाण्याच्या आणि बेदाण्याच्या. राज्यातल्या द्राक्षांपैकी अगदी थोडी वाइनला जातात. २००१ साली सरकारने द्राक्षप्रक्रियेचं धोरण आणलं, नाशिकजवळ विंचूरला आणि आपल्याकडे पलूसला वाइन पार्क ठरवले. तेव्हाही भाषा शेतकऱ्याचीच होती. पण कारखाना द्राक्षाचा करार करतो तो सातबारा बघून. विरळणी करणाऱ्या बाईशी कुणी करार करत नाही. मग भलं झालं तरी ते तिच्यापर्यंत पोचणार कुठून? आणि नुकसान झालं, दुकान गावात आलं, तर ते मात्र तिच्या घरी सगळ्यात आधी पोचणार. नफ्यात नाव नाही आणि तोट्यात वाटा पुरा, हा हिशोब आपल्याला मान्य नाही.

नाव नसलं की काय होतं, हे तुम्हाला सांगायला नको, पण एकदा ओळीने मांडू या. पीककर्ज खातेदाराला. पीकविमा खातेदाराला. गारपिटीने बाग झोडपली तर भरपाई खातेदाराच्या बँकखात्यावर. बाग विकायची ठरली तर सही खातेदाराची. आणि खातेदार पिणारा निघाला, तर बाईने वर्षभर मान वर करून वाढवलेली बाग एका संध्याकाळी बाटलीत जाते. वाइनच्या नव्हे, देशीच्या. म्हणून दारूबंदीची लढाई आणि सातबाऱ्याची लढाई या दोन लढाया नाहीत. ज्या बाईचं नाव जमिनीवर आहे, तिच्या परवानगीशिवाय तिचा वाटा विकता येत नाही. आडव्या बाटलीइतकंच हेही दारूला घातलेलं कुलूप आहे.

हे नवं नाही. १९८६ साली चांदवडला शेतकरी महिलांचं अधिवेशन भरलं, तिथे शेतकरी बाईच्या प्रश्नाला वाचा फुटली. पुढे १९८९-९० पासून शेतकरी संघटनेने लक्ष्मीमुक्तीचा कार्यक्रम घेतला आणि गावोगाव नवऱ्यांनी बायकांच्या नावे जमीन केली. १९९२ साली सरकारने परिपत्रक काढलं. त्यानुसार नवरा आपल्या हयातीत अर्ज करून बायकोचं नाव सहधारक म्हणून सातबाऱ्यावर लावू शकतो. त्याला खरेदीखत लागत नाही, बक्षीसपत्र लागत नाही. महाराष्ट्राने १९९४ साली कायदा बदलून मुलीला वडिलोपार्जित मालमत्तेत मुलासारखा जन्मतः हक्क दिला, देशभर तो २००५ साली आला. वडील २००५ पूर्वी गेले असले तरी मुलीचा हा हक्क बुडत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली सांगितलं. कागद आपल्या बाजूचा आहे. त्याच्यावर हक्कसोडपत्राचा अंगठा उठवून तो आपणच भावाला परत देतो, हे थांबवू या.

पण लक्ष्मीमुक्तीची एक मर्यादा आहे. ती नवऱ्याच्या मनावर आहे. ज्या बाईला नवऱ्याने टाकलं, तिने काय करायचं? ज्या बाईच्या सासरी आणि माहेरी जमीनच नाही, तिने काय करायचं? माझ्याबरोबर ओळीत उभ्या असणाऱ्या बायांत अशाच जास्त असतात. सांगली जिल्ह्यात १९८० नंतरच्या दशकात परित्यक्ता बायांनी स्वतःच्या नावाचं रेशनकार्ड आणि घराला जागा मागितली, तेव्हा लोक म्हणाले, हे कुठून काढलं? आज ती मागणी कुणाला नवी वाटत नाही. त्याच काळात आमच्या खानापूर तालुक्यात येरळेवर लोकांनी बळीराजा धरण बांधलं आणि भूमिहीनांनाही पाण्याचा वाटा असला पाहिजे, हे तत्त्व धरलं. पाणी जमिनीमागे जातं, हा समज त्यांनी मोडला. मग कसबाची किंमत तरी सातबाऱ्यामागेच का जावी?

म्हणून माझ्या मागण्या तीन आहेत, आणि त्या इथून गावी नेण्याजोग्या आहेत. पहिली, बाग ज्यांच्या घरची आहे त्यांनी या हंगामात लक्ष्मीमुक्तीचा अर्ज करावा. नवऱ्याला बरोबर न्यावं, चार-पाच जणींनी मिळून जावं. एकटीला परत पाठवणं सोपं असतं. दुसरी, विरळणी आणि बुडवणं हे कसबाचं काम म्हणून धरलं जावं, त्याची टोळी बायांची असावी, मुकादमही बाईच असावी, आणि पेस्ट लावताना हातमोजे, धुरीच्या शेडमध्ये तोंडाला फडकं नव्हे तर मास्क मालकाने द्यावा. तिसरी, उद्या पुन्हा कुणी वाइनचं धोरण घेऊन आलं आणि 'शेतकऱ्यासाठी' म्हणालं, तर आपण दोन गोष्टी एकदम म्हणायच्या. दुकान आमच्या गावात नको. आणि शेतकरी म्हणून आमचं नाव आधी लिहा, मग आमच्या भल्याचं बोला.

१९३९ साली या गावच्या राजाने आपल्या हातातली सत्ता लोकांच्या हाती दिली. राजाला जे जमलं ते घरच्या कारभाऱ्याला जमू नये? पण देण्याची वाट बघत बसायचं दिवस आपले नाहीत. येत्या ऑक्टोबरात छाटणी होईल, डोळे फुटतील. त्याच्या आत तलाठी कार्यालयात किती अर्ज पडले, हे आपण पुढच्या बैठकीत एकमेकींना विचारू. आकडा घेऊन या.